संगीत, श्रवण आणि आकड्यांची मोहिनी

आमच्या शेजारचे नाना गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त झाले. चौतीस वर्षे त्यांनी कार्यालयात टिपण्या लिहिल्या आणि संध्याकाळी घरी येऊन एका जुनाट टेपरेकॉर्डरवर गाणे ऐकले. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून पावणेदोन लाख रुपये बाजूला काढून त्यांनी एक ॲम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर आणि इंटरनेटवरून संगीत घेणारे एक यंत्र विकत घेतले. पहिल्याच रविवारी त्यांनी मला चहाला बोलाविले. यमनचा एक ख्याल लावला. यंत्राच्या काचेवर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ’ अशी निळी अक्षरे उमटली. थोड्या वेळाने त्यांनी तेच ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जात लावले आणि मोठ्या अपेक्षेने विचारले, “सर, फरक कळला ना?”

मी म्हणालो, “हो तर! जमीन-अस्मानाचा.”

वस्तुतः मला काडीचाही फरक कळला नव्हता. नानांचा हिरमोड होऊ नये म्हणून मी होकार दिला, असे मी स्वतःला समजावले. पण ते अर्धेच खरे होते. आपले कान तेवढे तयार नसावेत, ही शंका उघड होऊ नये, हे उरलेले अर्धे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला सारा व्यवहार या दुसऱ्या अर्ध्यावर उभा आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

हा व्यवहार म्हणजे ‘हाय-रेझोल्यूशन’ संगीताच्या स्ट्रीमिंगचा. यात गाणे आपल्या संग्रही येत नाही; ते इंटरनेटवरून वाहत येते, ऐकता ऐकता नाहीसे होते आणि त्यासाठी आपण दरमहा वर्गणी भरतो. सीडीपेक्षाही सूक्ष्म अशी त्याची प्रत घरातील उत्तम हाय-फाय संचावर ऐकावी आणि गायक समोर बसल्याचा प्रत्यय घ्यावा, असे आश्वासन ग्राहकाला दिले जाते. हे आश्वासन कितपत खरे आहे आणि त्याचे मोल कोण भरतो, हा केवळ धनिक शौकिनांचा प्रश्न राहिलेला नाही. नानांसारखी साधी, संगीतवेडी माणसेही त्यात ओढली गेली आहेत.

आकड्यांचा अर्थ

प्रथम आकड्यांचा अर्थ पाहू. ध्वनीचे अंकांत रूपांतर करताना ध्वनिलहरीचे एका सेकंदात ठराविक वेळा मोजमाप घेतात आणि प्रत्येक मोजमाप ठराविक बिटांमध्ये लिहितात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येकी १६ बिट असे ठरले. दोन स्पीकरांचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. नानांच्या यंत्रावरील ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ’ हे प्रमाण धरल्यास हाच हिशेब ९२,१६,००० बिटांवर जातो, म्हणजे सुमारे साडेसहापट. साडेसहापट माहिती म्हणजे साडेसहापट सुंदर संगीत, असा समज होणे स्वाभाविक आहे. दुकानदार तो समज दूर करण्याच्या फंदात पडत नाही.

येथे एक गणिती सत्य लक्षात घेतले पाहिजे. हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून सिद्ध झालेला सिद्धांत असे सांगतो की, ध्वनीतील सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने मोजमापे घेतली, तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. ती ‘जवळपास तशी’ नव्हे, तर तंतोतंत तशी मिळते. निरोगी तरुण माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते आणि चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याला वरचे काही हजार हर्ट्‌झ गमावलेलेच असतात. सीडीची ४४,१०० मोजमापे वीस हजारांच्या दुपटीहून अधिक आहेत. तेव्हा त्यापलीकडे वाढविलेली मोजमापे माणसाच्या कानांसाठी नसून, फार तर वटवाघळांसाठी आहेत.

बिटांचेही तसेच. सोळा बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. रात्रीच्या शांत घरातही पंखा, रस्ता आणि शेजार मिळून तीसएक डेसिबलचा आवाज असतोच. त्यावर ९६ डेसिबल चढविले, तर कानाला वेदना होण्याची पातळी गाठली जाईल. चोवीस बिटांमुळे हे अंतर कागदोपत्री १४४ डेसिबलपर्यंत जाते. परंतु ते ऐकण्यासाठी जी नीरव खोली आणि जे लोखंडी कान लागतील, ते कोणत्याही वसाहतीत मिळणार नाहीत.

याचा अर्थ चोवीस बिट सर्वथा निरुपयोगी आहेत असा नाही. ध्वनिमुद्रण करताना, अनेक वाद्यांचे आवाज एकत्र करताना आणि त्यांची पातळी वरखाली करताना ही जादा जागा फार उपयोगी पडते. जुन्या तबकड्या व टेप यांचे जतन करतानाही तेच. ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झ या प्रमाणाची शिफारस केलेली आहे. कारखान्यातील तराजू सराफाच्या तोडीचा असावा. पण म्हणून घरी साखर मोजायलाही तोच लागतो, असे कोणी म्हणत नाही.

कानांची साक्ष

गणित काहीही सांगो, कानाला फरक कळत असेल तर गणिताला दोन पावले मागे यावे लागेल. म्हणून प्रयोगांची साक्ष काढली पाहिजे. २००७ साली ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाच्या तबकड्यांचा ध्वनी कधी थेट, तर कधी सीडीच्या मापात उतरवून ऐकविला. कोणता कधी वाजतो हे ऐकणाऱ्याला सांगितले नव्हते. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडविले असते तरी एवढेच यश मिळाले असते. त्यांतील काही तबकड्यांचे मूळ ध्वनिमुद्रणच उच्च दर्जाचे नव्हते, असा आक्षेप पुढे घेण्यात आला आणि तो रास्त होता. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यांना फरक ओळखण्याची क्षमता आढळली; पण ती सरासरी ५२.३ टक्के, म्हणजे निव्वळ योगायोगाच्या पन्नास टक्क्यांहून किंचित अधिक. कसून प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये ती बरीच जास्त होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तात्पर्य, फरक असलाच तर तो अतिसूक्ष्म आहे. जमीन-अस्मानाचा तर मुळीच नाही.

खुद्द विक्रेत्यांची कबुलीही उपलब्ध आहे. ‘ॲपल’ने २०२१ साली आपल्या सेवेत ‘लॉसलेस’ म्हणजे मूळ ध्वनीतील काहीही न गाळणारी प्रत आणली. त्या वेळी त्या विभागाचे प्रमुख एडी क्यू यांनीच एका मुलाखतीत सांगितले होते की, शंभरांतील अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणांना नेहमीच्या संक्षिप्त प्रतीहून ती वेगळी असल्याचे कळणार नाही. ही तुलना तर सीडीहूनही खालच्या दर्जाशी होती!

जाणकारांचे काय, असे कोणी विचारील. कॅलिफोर्नियातील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी जुन्या संगीताच्या महागड्या ध्वनिमुद्रिका काढते. मूळ टेपवरून अंकीय टप्पा न येता काढलेल्या म्हणून शौकीन त्यांची वाखाणणी करीत आणि ‘अंकीय स्पर्श नसल्याचा गोडवा’ त्यांत स्पष्ट जाणवतो, असे सांगत. २०२२ च्या जुलैमध्ये उघड झाले की, २०११ पासून त्यांपैकी बहुसंख्य ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितीत एक अंकीय टप्पा होता. दशकभर कोणाच्याही कानाला तो खटकला नव्हता. या शौकिनांना हसण्याचा अधिकार मला नाही. मीही नानांसमोर तेच केले होते.

छप्पर नसलेला डबा

मग जादा पैसे कशाचे? याचे उत्तर अर्थशास्त्राला पावणेदोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्यूपुई यांनी १८४९ साली रेल्वेविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराला खर्च फार येतो म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते, त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देणे हा उद्देश नव्हता. त्याला पाहून सधनाला भीती वाटावी, हा होता.

स्ट्रीमिंगमधील कमी दर्जाची प्रत हा असाच बिनछपराचा डबा होय. एकदा ध्वनिमुद्रण संगणकावर चढविले की, त्याची पूर्ण प्रत पाठविणे आणि काटछाट केलेली प्रत पाठविणे यांच्या खर्चात आता नगण्य फरक उरला आहे. २०१४ साली ‘टायडल’ या सेवेने अमेरिकेत सीडी-दर्जाच्या स्ट्रीमिंगसाठी महिना १९.९९ डॉलर आकारले, तेव्हा साध्या दर्जाचा भाव ९.९९ होता. २०१९ मध्ये ‘ॲमेझॉन’ने कमी भावात तोच दर्जा आणला. २०२१ च्या मे महिन्यात ‘ॲपल’ने जादा आकार न घेण्याचे जाहीर करताच ‘ॲमेझॉन’नेही तो रद्द केला. २०२४ साली ‘टायडल’ही एकाच भावावर आली. दुप्पट किंमतीचा दर्जा अवघ्या दहा वर्षांत फुकट झाला, कारण दर्जाचा खर्च पहिल्यापासून जवळपास शून्य होता. स्पर्धेने छप्पर घातले, एवढेच.

आपल्याकडची गोष्ट याहून उद्बोधक आहे. ‘स्पॉटिफाय’ने २०२५ च्या सप्टेंबरात पन्नासांहून अधिक देशांत नेहमीच्या वर्गणीतच लॉसलेस सुविधा देण्यास प्रारंभ केला. भारतात मात्र नोव्हेंबरमध्ये तिने १३९, १९९ आणि २९९ रुपये असे तीन वर्ग पाडले आणि ही सुविधा फक्त सर्वांत महागड्या वर्गात ठेवली. भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली बंद केला. संगीताच्या प्रवासात तो असा परत आला आहे. यात बेकायदा काही नाही. परंतु २९९ रुपये भरणाऱ्याने आपण छपराचे पैसे देत आहोत की भीतीचे, हे ओळखावे.

शिक्क्यावरचा विश्वास

बाजारातील वस्तूंचे तीन प्रकार अर्थशास्त्रात सांगतात. वांगी आपण घेण्यापूर्वीच पारखतो. आंब्याची पेटी घरी नेऊन खाल्ल्यावर कळते. तिसऱ्या प्रकारच्या वस्तूंचा दर्जा वापरल्यानंतरही ग्राहकाला ठरविता येत नाही. त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ साली या वस्तूंचे वेगळेपण दाखविले; त्यांना ‘विश्वासाधारित वस्तू’ म्हणता येईल. गाडीच्या इंजिनाची दुरुस्ती हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. हाय-रेझोल्यूशन संगीत हे दुसरे. येथे माहिती विक्रेत्याजवळ आणि पैसा ग्राहकाजवळ असतो, आणि दोहोंच्या मध्ये उभा असतो तो शिक्का.

हे शिक्के कसे येतात आणि जातात, याचा इतिहास अलीकडचाच आहे. गायक नील यंग यांनी २०१४ साली ‘पोनो’ नावाचे उच्च दर्जाचे वादनयंत्र काढण्यासाठी लोकांकडून आगाऊ ६२ लाख डॉलर उभारले. यंत्राची किंमत ३९९ डॉलर होती. २०१७ मध्ये तो उद्योग गुंडाळला गेला. त्याच २०१४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘एमक्यूए’ ही पद्धत जाहीर झाली. स्टुडिओतील मूळ प्रतीची हमी देणारा एक छोटा दिवा यंत्रावर लागे, आणि तो लागावा म्हणून यंत्रे बनविणाऱ्यांना परवान्याचे शुल्क भरावे लागे. ही पद्धत बंदिस्त होती. आत नेमके काय घडते ते ग्राहकाला तपासता येत नसे. २०२१ साली एका स्वतंत्र परीक्षकाने स्वतः तयार केलेले चाचणी-ध्वनी सेवेवर चढवून परत उतरविले, तेव्हा मूळ फाइल बिटासाठी बिट परत मिळत नाही, हे त्याने दाखवून दिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये ती कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि पुढे विकली गेली. २०२४ च्या जुलैत ‘टायडल’ने तिचा त्याग करून ‘फ्लॅक’ ही पद्धत स्वीकारली. ‘फ्लॅक’ २००१ पासून सर्वांना मोफत व खुली आहे, आणि तिचा दावा कोणालाही घरबसल्या पडताळून पाहता येतो. शेवटी टिकला तो पडताळता येणारा दावा, ही या कथेतील समाधानाची बाजू.

मात्र ज्यांनी त्या दिव्यासाठी जादा पैसे मोजून यंत्रे घेतली, त्यांचे पैसे गेले ते गेलेच. शिवाय भाड्याच्या संगीताचा एक मूलभूत दोष येथे नमूद केला पाहिजे. कितीही बिटांचे असले तरी ते आपले नसते. भारतात ‘रेसो’ ही सेवा २०२४ च्या जानेवारीत बंद झाली, त्याच वर्षी ‘विंक’ही आटोपती घेण्यात आली. तेथे वर्षानुवर्षे जमविलेली आवडत्या गाण्यांची यादी म्हणजे भाड्याच्या घरात लावलेले झाड.

खरा फरक कोठे पडतो?

घरी ऐकू येणाऱ्या गाण्यात खराखुरा फरक तीन गोष्टींनी पडतो. पहिली म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण आणि त्यावर शेवटचा हात फिरविणाऱ्या तंत्रज्ञाची विवेकबुद्धी. २००८ साली ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाची एक ध्वनिमुद्रिका इतकी ठासून मोठ्या आवाजात बसविली गेली होती की चाहत्यांनीच जाहीर निषेध केला. एका व्हिडिओ खेळात वापरलेली त्याच गाण्यांची प्रत त्याहून सुसह्य होती. अशी ठासलेली प्रत चोवीस बिटांत पाठविली तरी ठासलेलीच येणार. उलटपक्षी, १९२५ पूर्वीच्या तबकड्या मायक्रोफोनविना, कर्ण्यासमोर गाऊन मुद्रित झाल्या. त्यांत वरच्या कंपनांचा जवळजवळ अभाव आहे, आणि तरी त्यांतील एखादी तान अंगावर रोमांच उभे करते. दुसरी गोष्ट स्पीकर, आणि तिसरी म्हणजे ज्या खोलीत ते ठेवले ती खोली. उघड्या फरश्या आणि कोऱ्या भिंती यांवरून परतणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळून जी गल्लत करतो, ती कोणत्याही बिटांनी निस्तरत नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम येथे लख्ख दिसतो. पहिले काही हजार रुपये श्रवणात मोठा पालट घडवितात. शेवटचे लाख रुपये काचेवरची अक्षरे बदलतात.

मनातील टोचणी असह्य होऊन मी काही आठवड्यांनी नानांना खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “सर, मग एकदा परीक्षाच घेऊ या.” त्यांची भाची अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तिने रीतसर विकत घेतलेल्या एका उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाची सीडीच्या मापातील प्रत तयार केली आणि दोन्हींचा आवाज काटेकोरपणे सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. मग यंत्राची काच वर्तमानपत्राने झाकून तिने वीस वेळा आम्हां दोघांना ऐकविले. नानांची अकरा उत्तरे बरोबर आली, माझी नऊ. नाणे उडवूनही शंभरांत एकेचाळीस वेळा अकरा किंवा अधिक येतात; फरक खरोखर कळतो असे म्हणायला निदान पंधरा हवे होते. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. पावणेदोन लाखांचा हिशेब ते मनात मांडीत असावेत, असे मला वाटले.

पण ते थांबले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी स्पीकर काचेच्या शोकेसजवळून काढून भिंतीपासून दोन हात पुढे घेतले, समोर सतरंजी अंथरली आणि मागच्या कोऱ्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले. तोच यमन लागला. तानपुऱ्याच्या तारा आता वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, आणि शब्द आधी गुंजत होते ते स्पष्ट झाले होते. स्वयंपाकघरातून नानांच्या पत्नी बाहेर आल्या आणि “आज काय बदललं हो?” म्हणून विचारू लागल्या. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. खर्च सतरंजीचाही नव्हता, ती माळ्यावर पडून होती.

उच्च दर्जाचे स्ट्रीमिंग त्याज्य आहे, असे या लेखाचे म्हणणे नाही. जादा पैसे न पडता मिळत असेल तर ते जरूर घ्यावे. काहीही न गाळलेली प्रत ऐकणाऱ्याच्या हक्काची आहे आणि ती सर्वांना एकाच भावाने मिळावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी करण्यासही हरकत नाही. आक्षेप आहे तो श्रोत्याच्या मनात स्वतःच्या कानांविषयी शंका पेरून तिच्यावर भाव ठरविण्याला. शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा मोजक्या मिळकतीच्या माणसाने खरेदीपूर्वी एकदा काच झाकून ऐकावे, आणि फरक कळला नाही तर तसे सांगण्यास संकोचू नये. नानांच्या यंत्राची काच अजूनही वर्तमानपत्राने झाकलेलीच आहे. ते म्हणतात, गाणे ऐकताना आता तिकडे लक्ष जात नाही.